दुसऱ्या पंपाचा धागा

माझा स्वभाव तापट आहे आणि मला त्याचा पस्तावा नाही. सुरतेत भेस्तानजवळच्या एका डाइंग मिलमध्ये मी मेंटेनन्स फिटर होतो, तेव्हा तर तो फारच कामाला आला. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मिलच्या बॉयलरला पाणी देणारे दोन पंप होते. एक रोज चालायचा. तो बंद पडला तर दुसरा. पाणी थांबलं आणि आग चालूच राहिली तर बॉयलर फुटतो. आणि त्या बॉयलरपुढे रोज कोळसा टाकायला उभे असायचे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

दुसऱ्या पंपाचा थाट नवरदेवासारखा. हिरवा रंग, कुंकवाचं बोट, आणि दसऱ्याला शेठच्या आईने बांधलेली नाडाछडी, म्हणजे पूजेचा लाल धागा. चाक आणि बैठक, दोन्हींना वेढे घालून बांधलेला. पुढचा दसरा जवळ आला तरी धागा जसाच्या तसा. लोकांना त्याचं कोण कौतुक! मला मात्र त्यातच धोका दिसला. धागा तुटला नाही म्हणजे वर्षभर चाक फिरलंच नव्हतं.

मी शेठना सांगितलं, दोन्ही पंप आळीपाळीने चालवू, दर सोमवारी बदलू, आणि दुरुस्तीला एका वेळी एकच खोलू. शेठ हसले. "चालतुं होय एने अडाय नहीं, भाई." चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, झालं. संध्याकाळी घरी दाजीही त्यांच्या अहिराणीत माझ्यावरच उखडले, कशाला भांडतोस म्हणून, "काबर भांडी राह्यना? दोन पंप शेतस ना! तुन्ही नोकरी जाई."

दोन आहेत म्हणून सगळे निर्धास्त. मला तेच खुपत होतं. ताई दाजींच्या ताटात भाकरी वाढत होती. तिच्याकडे बघून मी ठरवलं, गेली नोकरी तर गेली.

सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर मी पकडीने तो धागा कापला. "अपशकुन!" कुणीतरी ओरडलं. मी चाकाला हात घातला. जाम. दाजींना बोलावलं. दोघांनी मिळून जोर लावला, तरी चाक जागचं हलेना. दाजींचा चेहरा उतरला. ते तडक भट्टीकडे गेले आणि त्यांनी जळता कोळसा बाहेर ओढून आग विझवली.

शेठ धावत आले. "पंप मोकळा होईपर्यंत आग पेटणार नाही," मी म्हटलं. "मला काढायचं तर काढा, पण आधी हे चाक फिरवून दाखवा." त्यांनीही जोर लावून पाहिला, नुसतं धोतराला ग्रीस लागलं. त्या दिवशी मिल बंद राहिली आणि पंप खोलला गेला.

दसऱ्याला शेठची आई पुन्हा धागा घेऊन आली. तिला सगळे गुजरातीत ‘बा’, म्हणजे आई, म्हणायचे. मी स्पष्ट सांगितलं, "बा, बांधा. पण सोमवारी मी तोडणार." वाटलं, आता शिव्याशाप ऐकावे लागणार. तिने धाग्याची अख्खी गुंडी माझ्या हातात ठेवली. "तो दर सोमवारे नवो बांधजे."

तेव्हापासून जो पंप विसाव्याला, त्याला नवा धागा. धागा मळका दिसला की सोमवार चुकलाय हे लांबूनच कळायचं, आणि मी आरडाओरडा करायला मोकळा.

पुढे एका दुपारी चालता पंप बंद पडला. दाजींनी दुसरा सुरू केला आणि अर्धा राहिलेला डबा संपवला. शेठ सगळ्यांना सांगत सुटले, आईच्या धाग्याने वाचवलं. मी तिथेच उभा होतो.

"धाग्याने नाही, शेठ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तो दर सोमवारी तोडला म्हणून."