राहुकालातली सही

तिपटूरच्या चन्नकेशवाने जे यंत्र केलं, त्यावर माझं नाव आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले, की तुम्ही मला भली बाई समजाल.

होसूर रोडवरच्या एका मोठ्या परदेशी कंपनीत आम्ही दोघं चौदा वर्षं शेजारी शेजारी बसलो. तो यंत्राच्या पोटातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचा आणि मी त्यातल्या चुका काढायचे. टेस्टरला त्या धंद्यात कुत्रं विचारत नाही. काम चाललं तर लिहिणाऱ्याची पाठ थोपटतात, बंद पडलं तर टेस्टिंगवाले झोपले होते का म्हणून ओरडतात. केशव तेवढा वेगळा होता. मी चूक दाखवली की खुर्ची ओढून जवळ बसायचा आणि म्हणायचा, "बरं झालं अक्का, तुमच्या हाती लागली. गिऱ्हाइकाच्या हाती लागली असती तर आपली वरात निघाली असती." वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बुटका, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ, खिशाला पेनाऐवजी पेचकस. साहेब लोकांसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की घसा खाकरायचा आणि मग काहीच बोलायचा नाही. त्यामुळे चौदा वर्षांत त्याला दोनदा बढती मिळाली आणि त्याने शिकवलेली पोरं त्याचे साहेब झाली.

त्याच्या घरची तिपटूरला नारळाची बाग. बोअरवेलचं पाणी संपलं तरी मोटर फिरत राहते आणि जळते. एका उन्हाळ्यात त्याच्या वडलांच्या तीन मोटरी अशा जळाल्या. बाजारात यावर उपाय होते, पण त्यांना सहाशे फूट खाली वायर सोडावी लागायची, आणि ती वायर दर वर्षी तुटायची. केशवाने अकरा वर्षं शनिवार-रविवार घालवून एक डबी केली. ती वरच स्टार्टरच्या पेटीत बसायची. मोटर वीज कशी ओढते त्यावरून पाणी संपत आलंय हे ओळखायची, मोटर बंद करायची, पुन्हा पाणी भरायला त्या बोअरला किती तास लागतात ते हळूहळू शिकायची आणि आपली आपण चालू करायची. "प्रत्येक बोअरचा स्वभाव वेगळा असतो अक्का, सासूसारखा. घरात राहून शिकावा लागतो," असं तो म्हणायचा. डबीचं नाव त्याने गंगम्मा ठेवलं होतं.

मी काय केलं? मी सहा महिने ती डबी मोडायचा प्रयत्न केला. वीज कमीजास्त केली, पावसात ठेवली, पेटीत मुंग्या सोडल्या. चाळीसेक वेळा मोडली, चाळीस वेळा त्याने दुरुस्त केली. माझा हात लागलाय तो एवढाच.

पुढे स्कंद आमच्या कंपनीत आला. जयनगरचा, अमेरिकेत शिकलेला, एकोणतीस वर्षांचा मुलगा. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही, म्हणायला मला तोंड कुठाय? त्याला बोलता यायचं आणि केशवाला यायचं नाही, एवढ्यावर त्यांची जोडी जमली. "केशव सर, तुम्ही मेंदू, मी तोंड," स्कंद म्हणायचा, आणि केशवाच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद दिसायचा. आम्ही तिघांनी नोकऱ्या सोडल्या आणि गांधी बझारच्या मागे, एका दर्शिनीच्या वर दोन खोल्या घेतल्या. खाली लोक उभ्याने इडली खायचे आणि वर आम्ही कंपनी काढत होतो.

वर्षभराने पैसा घालणारी मंडळी तयार झाली. त्यांचा माणूस मुंबईहून येणार, सोबत वकीलबाई, आणि सगळ्या कागदांवर एकाच बैठकीत सह्या. त्यातलं एक पान शोध कोणी लावला याचं होतं. केशवाला बाकीच्या कागदांशी देणंघेणं नव्हतं. त्या पानाबद्दल मात्र त्याने घरी बायकोला सांगून ठेवलं होतं आणि वडलांना फोन केला होता. स्कंदने वेळ ठेवली शुक्रवारी सकाळी अकराची, कारण पाहुण्याचं दुपारचं विमान, आणि आमचा विमानतळ म्हणजे वेगळाच जिल्हा.

त्या दिवशी केशवाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "साडेदहा ते बारा राहुकाल आहे. तुम्ही वाचून घ्या, बोलून घ्या. मी खाली बसतो. बारा वाजून गेले की येऊन सही करतो."

या शहरात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नावापुढे चार पदव्या लावणारी माणसं राहुकाल टळेपर्यंत नवी कोरी गाडी दीड तास शोरूममध्ये उभी ठेवतात. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले.

"केशवा, तो माणूस तुझ्यासाठी विमान थांबवणार आहे का?"

"अकरा वर्षं थांबलो अक्का, एका तासाने काय बिघडतंय? आमच्या वडलांनी मोटर राहुकालात बसवली होती. पहिल्याच वर्षी जळाली."

"ती पाणी नव्हतं म्हणून जळाली. तूच सांगत फिरतोस ना लोकांना?"

"ते लोकांना सांगायचं," तो हसून म्हणाला आणि जिना उतरला.

साडेअकराला पाहुणे घड्याळ बघायला लागले. वकीलबाईंनी ते पान पुढे केलं. त्यावर दोन जागा होत्या. एकीवर स्कंदने सही केली. "दुसरी रिकामी ठेवून मी हे पुढे पाठवणार नाही," बाई म्हणाल्या. स्कंद माझ्याकडे वळला. "पद्मजा मॅम, सध्या तुम्ही करा. टेस्टिंग तुमचंच आहे ना? सरांचं नाव सोमवारी घालू. घरचीच तर गोष्ट आहे."

खाली जाऊन केशवाला दंडाला धरून वर आणायला दोन मिनिटं लागली असती. मी गेले नाही. मला राग आला होता. म्हटलं, बस खाली राहुकाल कवटाळून, तुला अद्दल घडायलाच हवी. त्या रागात मी सही केली, चांगली ठसठशीत.

बारा वाजून सात मिनिटांनी केशव वर आला. हात धुतलेले, स्वतःचं नवं पेन, आणि सगळ्यांसाठी केसरीभाताचं, म्हणजे इकडच्या शिऱ्याचं, पुडकं. खोलीत मी एकटी होते. स्कंद पाहुण्यांना सोडायला गेला होता.

"कुठे करायची सही?"

"तुझं पान वेगळं येणार आहे. सोमवारी," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि पुडकं सोडायला लागला. आम्ही दोघांनी केसरीभात खाल्ला.

तो सोमवार काही उजाडला नाही. आधी वकीलबाई रजेवर गेल्या. मग स्कंद म्हणाला, आता नाव बदललं तर पैसेवाल्यांना संशय येईल, आधीचं खोटं होतं की काय म्हणून. मग म्हणाला, पुढच्या यंत्रावर सरांचं एकट्याचंच नाव घालू. केशवाने मला तीनदा विचारलं, तेही चहा घेता घेता, दुसरीकडे बघत, "अक्का, ते पान आलं का हो?" चौथ्यांदा विचारलं नाही. मी वकीलबाईंना एक पत्र लिहिलं असतं तर गोष्ट मिटली असती. पण मी गुळणी धरून बसले.

का, ते सांगते. वर्षभराने पितळी पाटी आली. यंत्राचं नाव बदलून कसलंसं इंग्रजी ठेवलं होतं आणि खाली शोधकर्ते म्हणून दोन नावं, स्कंदचं आणि माझं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, कुठे माझं नाव आलं नव्हतं. नवऱ्याने त्या पाटीचा फोटो निपाणीपासून नागपूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ज्या जावेने आयुष्यभर मला कॉम्प्युटरवर टायपिंग करणारी समजलं, तिचा फोन आला. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

आणि ती पाटी लावायला भिंतीला भोकं केशवाने पाडून दिली. ड्रिल त्याच्याकडेच होतं. पाटी सरळ बसली आहे ना, हे त्याने दोनदा मागे सरकून बघितलं. नावं वाचली असणारच.

कंपनी वाढली, आम्ही काचेच्या इमारतीत गेलो, तरुण मुलं आली. स्कंदच्या म्हणण्याप्रमाणे केशव सर आता वेगाला पुरे पडत नव्हते. रीतसर तीन महिन्यांची नोटीस देऊन त्याला निघायला सांगितलं. आमच्या धंद्यात त्या तीन महिन्यांत जाणाऱ्याने आपलं सगळं ज्ञान मागे राहणाऱ्यांना द्यायचं असतं. लोक ते काम कसंबसं उरकतात, शेवटचे पंधरा दिवस तर तोंडही दाखवत नाहीत. हा बाबा रोज नऊला यायचा, पोरांना समोर बसवायचा आणि कोणत्या मातीतला बोअर कसा वागतो हे फळ्यावर काढून समजवायचा. पोरं फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची आणि ऐकायची नाहीत. मी काचेतून बघायचे.

एकोणपन्नासाव्या वर्षी त्याला कोण घेणार? मुलाखतीत समोर बसलेली पोरं विचारायची, तुम्ही स्वतः काय केलंत? तो यंत्राबद्दल सांगायचा. ती तिथल्या तिथे फोनवर शोधायची आणि एकमेकांकडे बघून हसायची. एकाने तोंडावर म्हटलं, "अंकल, यात तुमचं नाव नाहीये." हे त्याने मला सांगितलं तेव्हा तक्रार म्हणून सांगितलं नाही. फोन केला होता तो कामासाठी.

"कोइमतूरचा एक पंपवाला आहे, अक्का. म्हातारा माणूस आहे, त्याला खरंच काम कळतं. म्हणाला, हे तुम्हीच केलंत असं मला तुमच्या बोलण्यावरून दिसतंय, पण माझ्या मुलांना कागद लागतो. ज्यांचं नाव आहे त्यांच्यापैकी कुणाचं तरी दोन ओळींचं पत्र आणा. स्कंदला विचारायला मला नको वाटतं. तुम्ही द्याल?"

"देते की," मी म्हणाले. "यात विचारायचं काय?"

फोन ठेवला आणि मी स्कंदकडे गेले. कशाला गेले? परवानगी कुणाची हवी होती मला? पण गेले. त्याने दार लावून घेतलं. एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेत होती, कागद तपासून होत आले होते. "मॅम, तुम्ही पत्रात लिहिलंत की ते सरांनी केलं, तर त्या पानावरची तुमची सही खोटी ठरते. मी तुम्हाला अडवत नाही. तुमचं तुम्ही बघा." माझी पाचावर धारण बसली. घरी जाऊन मी पत्र लिहिलं. श्री. चन्नकेशव आमच्या चमूत पाच वर्षं होते, वक्तशीर आणि मेहनती आहेत, सहकाऱ्यांना मदत करतात, त्यांना शुभेच्छा. पाच वेळा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

ते मला मेलनेही पाठवता आलं असतं. पण समोर जाऊन दिलं की मनाचं ओझं थोडं उतरेल असं वाटलं. नोकरी सुटल्यावर तो बायकोसह गावीच राहायला गेला होता; रविवारी सकाळची गाडी पकडून मी तिपटूरला गेले. केशव स्टेशनवर स्कूटर घेऊन आला होता. घरी त्याच्या बायकोने, नागरत्नाने, खोबऱ्याची होळिगे, म्हणजे सारणाची पोळी, केली होती. ती आता गावातल्या शाळेत शिकवते, बोलायला फटकळ आहे. "बरं झालं तुम्ही आलात अक्का," ताटात तूप वाढत ती म्हणाली. "यांना मी कधीची म्हणतेय, ज्यांनी बघितलंय त्यांनी एकदा लिहून दिलं की मिटलं. माझा भाऊ काय म्हणतो माहिताय? म्हणतो, भावजी अकरा वर्षं गच्चीवर रेडिओ दुरुस्त करत होते."

मी लिफाफा केशवाच्या हातात दिला, पण तिनेच तो घेऊन फोडला. उभ्या उभ्या वाचलं. पान उलटं करून मागे काही आहे का बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"यात यंत्राचं काहीच नाही," ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे ते यांनी केलं नव्हतं?"

मी केशवाकडे बघितलं. त्याने तिच्या हातातून कागद घेतला, नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

"तसं नाही गं," तो म्हणाला. "एकट्याचं कुठे असतं असलं काम? आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. मीच घरी जरा वाढवून सांगत होतो." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "अक्कांना अजून एक वाढ."

नागरत्ना त्याच्याकडे बघत राहिली. नंतर आत जाऊन तिने होळिगे आणली आणि माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.