हर्रास

आमच्या घरी लिलावाला हर्रास म्हणतात. बाबा रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरकडून रायपूरला आले, तेव्हा हा शब्दही सोबत आला. इथे मात्र सगळे नीलामी म्हणतात. म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात आमच्या विहाराच्या फळ्यावर कुणा तरुणानं 'जुन्या सामानाचा ऱ्हास, रविवारी सकाळी' असं लिहिलं असावं. ऱ्हास म्हणजे झीज, हे मी माझ्या मुलीला सांगितलं.

"और हर्रास?" तिनं विचारलं. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीतच.

आई म्हणाली, "चार लोकांसमोर भाव बोलाचा. ज्याच्यावर कोणी बोललं नाही, वस्तू त्याची."

"मतलब नीलामी."

"हव."

त्या सामानात पितळेचा एक मोठा गंज होता. बुद्धपौर्णिमेची खीर आई कित्येक वर्षं त्याच पातेल्यात करत आली होती. आता विहारानं स्टीलची भांडी घेतली होती. गोल बाजारातले एक भांडेवाले तो गंज मोडीत घ्यायला आले होते. ते भाव बोलले की आई चढवायची. असं काही वेळ चाललं, मग त्यांनी मान हलवली आणि ते मागे सरकले.

विहाराचे सचिव पुकारत होते, "एक वार... दोन वार..." आणि तिसऱ्या वाराच्या आत आईनं पुन्हा भाव वाढवला.

सचिव थांबले. "काकू, बोली तुमचीच आहे. तुमच्यावर तुम्हीच बोलून राहिल्या."

"मले माहीत आहे," आई म्हणाली. "तो भाव मोडीचा होता. गंजाचा नव्हता."

हर्रासात असं चालतं का, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला आधी संकोच वाटला. तिची पेन्शन ती किती. पण तिचा चेहरा इतका शांत होता की तो संकोच मी विसरले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले, "चालते. लिहून घ्या."

गंज ऑटोत मावेना, तेव्हा त्या भांडेवाल्यांनीच आपल्या टेम्पोतून घरी पोचवला. स्वयंपाकघराच्या दारातूनही तो आत जाईना. मग बाल्कनीत ठेवून आई चिंचेनं घासत बसली.

"तू गप्प राहिली असतीस तरी तुलाच मिळाला असता," मी म्हटलं.

"मिळाला असता," ती म्हणाली. "थोडी चिंच आण अजून."