रेडिएटरमधली हळद

वडील गेल्यानंतर आईला डायलिसिसला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. सोमवार आणि गुरुवार, कळवण ते नाशिक, वडिलांच्या वीस वर्षं जुन्या गाडीतून. गंगापूर रोडवरच्या केंद्रात तिला सकाळी दहाला मशीन लावतात. दोन वाजता ते पुढच्या रुग्णाला द्यायचं असतं. उशिरा पोचणाऱ्याला उरलेला वेळ मिळतो.

दुसऱ्याच सोमवारी, वणीच्या अलीकडच्या चढावर, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी बंद केली. इंजिन निवेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला, मग बाटलीतलं पाणी ओतून निघालो. आईला चारऐवजी अडीच तास मिळाले. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले होते. आडवं झालं की तिला धाप लागत होती.

गुरुवारी मोठी लग्नतिथी होती. कळवणात भाड्याची गाडी मिळाली नाही. ही गाडी दोन दिवसांत नीट होणं भाग होतं.

गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि वास घेतला.

"दादा, हे कूलंट नाय. वरण हाय."

"म्हणजे?"

"हळद. गळती बुजते म्हणून जुने लोक टाकत्यात. फोडणी तेवढी राहिली."

मी आईला फोन लावला. तिने लगेच सांगितलं, "मीच द्यायचे पुडी बांधून. दर सोमवारी. गाडीला लागते, असं तुझे बाबा म्हणायचे. तू नाही टाकलीस?"

मिस्त्रीने आधी मोठं दुखणं तपासलं. इंजिन सुरू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिलं. ऑइलची पट्टी काढली. ऑइल पांढरं झालेलं नव्हतं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं, हेड गॅस्केट शाबूत होतं. मग झाकणाच्या जागी हातपंप बसवून आत हवेचा दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू उतरत होता, पण खाली थेंब दिसत नव्हता.

"गळतंय कुठंतरी. हळदीनं दडवलंय. धुतल्याबिगर दिसायचं नाय. आणि धुतलं, की मग हिला तशीच रेटता येणार नाय. सांगा."

मी धुवायला सांगितलं.

तीनदा धुतल्यावर पाणी पिवळं यायचं थांबलं. पुन्हा दाब भरला. या वेळी वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब आला. मिस्त्रीने एवढंच म्हटलं, "हा." नवा पंप बुधवारी सकाळी नाशिकहून एसटीने आला. त्याच्याबरोबर दोन होज पाइपही बदलले. कूलंट भरलं, आतली हवा काढली. अर्धा तास इंजिन सुरू ठेवलं. काटा मध्यावर थांबला.

गुरुवारी आई पुढच्या सीटवर बसली. मांडीवर हळदीची पुडी होती. नको सांगूनही तिने आणलीच. चढ संपला, तिथे एक चहाची टपरी आहे.

"थांबव. हे इथे चहाला थांबायचे."

गाडी थांबताच टपरीवाला पाण्याचा जग घेऊन थेट बॉनेटपाशी आला. मला पाहून थबकला.

"काका कुठंत?"

मी सांगितलं.

"बरं. बॉनेट तरी उघडा. पाणी लागंल ना."

"आता नाही लागत. दुरुस्त केली."

आई त्या जगाकडे पाहत होती. वडिलांबरोबरच्या प्रत्येक फेरीत ती गाडीतच बसून राहायची. बॉनेट वर असलं की आतून काही दिसत नाही.

"चहा घ्यायचे ना हे?" तिने काच खाली करून विचारलं.

"कधी नाय, काकू. मी म्हणायचो, काका, अर्धा तरी घ्या. तर म्हणायचे, हिचं मशीन जाईल. गाडीला पाणी पाजायचं न् पळायचं."

टपरीवाल्याने जग रस्त्याकडेला रिकामा केला. मी गाडी सुरू केली. दिंडोरीच्या पुढे तिने पुडी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा लावला.

आम्ही पावणेदहाला पोचलो. दहाला आईला मशीन लागलं.

मी पार्किंगमध्ये परत आलो, बॉनेट उघडलं आणि इंजिन निवल्यावर पंपाखाली हात घातला. बोटं कोरडी होती. दोन वाजेपर्यंत मी गाडीत बसून राहिलो.