आडनाव विचारून घेजो

वरठीच्या स्टेशनावर पुण्याची गाडी दोनच मिनिटं थांबते. तेवढ्यात आईने खिडकीतून चिवड्याचा डबा दिला, लोणचं दिलं, एक स्वेटर कोंबला, आणि गाडी हलली तशी बरोबर चालत चालत ओरडली, “खोलीत जे पोरगी असन तिचं आडनाव विचारून घेजो वो पहिले! मंगच तिच्या हातचं पानी पेजो!” बाबा मागे उभे होते. हातमागावरून उठून तसेच आलेले, बनियनवर घाईने शर्ट चढवलेला, बोटांना रंगाचे डाग. डब्यातल्या पंधरावीस माणसांनी आईचं बोलणं ऐकलं आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला लाज वाटली ती तिच्या ओरडण्याची. शब्दांची लाज वाटायला अजून नऊ वर्षं जायची होती.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या बॅग भरून निघालेल्यांसाठीही. मी नोकरीसाठी गेले असंच तुम्हाला माहीत आहे. खरं कारण वेगळं होतं. बारावीत असतानाच मला कळून चुकलं होतं की मला मुली आवडतात, आणि घरात तर पाहुणे बघायला यायला लागले होते. पळाले म्हणा हवं तर. पण पळणाऱ्या माणसाला वाटतं, मागचं सगळं मागेच राहिलं. माझ्या बॅगेत स्वेटरच्या खाली काय काय आलं होतं, ते मला दिसलं नाही.

आमचं घर मोहाडीजवळ, कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात. ओसरीत खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. बाबा कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी लुगडी विणायचे. काठाचा धागा नेणारा धोटा वेगळा, मधल्या पोताचा वेगळा, आणि दोन्ही धागे करवतीच्या दातांसारखे एकमेकांत अडकवत न्यायचे. दिवसभरात वीतभर कापड व्हायचं. आमच्या घराची एक रीत होती, आजोबांपासूनची. मागावर चढलेलं लुगडं अर्ध्यात कापायचं नाही. ताप येवो, सण येवो, ते पूर्ण करूनच उतरवायचं. घरात कोणी मेलं तरच त्या दिवशी कापड जिथवर झालं असेल तिथे कापायचं, आणि ते अर्धं कापड कधी विकायचं नाही. मी हे एकदाच पाहिलं, आजोबा गेले तेव्हा. दुसरी रीत बरी होती. घरच्या पोरीच्या लग्नाचं लुगडं घरच्याच मागावर, बापाच्या हातचं.

ओसरीच्या कोनाड्यात एक स्टीलचा ग्लास उपडा ठेवलेला असायचा. खाणीकडच्या वस्तीतल्या बौद्ध बाया कापड घ्यायला आल्या की त्यांना त्यातच पाणी. पिऊन झालं की त्या स्वतः तो विसळून परत उपडा घालायच्या. मी त्याला पाहुण्यांचा ग्लास समजायचे. एकदा मामा आले तेव्हा मी हौसेने त्यांना त्यात पाणी नेऊन दिलं आणि आईच्या हातची सणसणीत चापट खाल्ली. कारण कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चापटीतून जेवढं कळायचं तेवढं कळलं.

पुण्यात चौथ्या वर्षी आमच्या कंपनीत रक्ततपासणी होती. रांगेत माझा नंबर आला, बाही वर केली, आणि समोरची पांढऱ्या कोटातली मुलगी कानाशी मोबाइल धरून म्हणाली, “करून राहिली न वो माय काम, थोडा दम धर.” पुण्यात चार वर्षांनी ‘करून राहिली’ कानावर पडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. “कुठची वो तू?” मी विचारलं. “चिखल्याची. मँगनीजची खाण हाय नं, तिथची.” सुई आत गेली होती, रक्त नळीत चढत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, “आडनाव काय?”

तिने वर पाहिलं. “गजभिये. सुई राहू देऊ का काढून घेऊ?”

ती प्रज्ञा. नंतर हा किस्सा ती लोकांना हसत हसत सांगायची, मीही हसायचे. दीड वर्षाने आम्ही एकत्र खोली घेतली. दारावर पाटी लावली, ‘वर्षा – प्रज्ञा’. आडनावं नकोत, असं मीच म्हटलं. मला ते फार पुढारलेलं वाटलं होतं. तिने खांदे उडवले. “तुले नसलं आडनाव त चालते. माह्यं मी नाई सांगतलं त लोक म्हनतात, लपवून राहिली.” मी ऐकलं आणि सोडून दिलं.

तिचा आजाही विणकर होता, हे मला तिच्याकडून कळलं. जाडंभरडं कापड विणायचा. गिरण्यांपुढे माग टिकला नाही, म्हणून खाणीत उतरला. एकाच तालुक्याच्या अंतरात दोघींचे आजे मागावर बसत होते आणि माझ्या घरात कोणाला हे माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं.

दर शनिवारी आम्ही एका गटात जायचो. आमच्यासारख्यांचा गट, कोणाच्या तरी फ्लॅटवर चहा, गप्पा, रडणं, कायद्याची माहिती. मला तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला, हे मी कधीच नाकारणार नाही. घरच्यांनी हाकललेल्या पोरांना त्या लोकांनी महिनामहिना सांभाळलंय. पण एका शनिवारी प्रज्ञाने विचारलं, इथे घर सोडावं लागलेल्यांत दलित वस्त्यांतली किती आहेत, आणि ती दुसऱ्यांदा का येत नाहीत? लगेच कोणीतरी गोड आवाजात म्हणालं, “अगं, इथे जात नसते. इथे फक्त प्रेम.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

गटाच्या त्या वर्षीच्या प्राइड मोर्चात मी स्वयंसेवक होते, दंडाला पट्टी बांधलेली. प्रज्ञाने एका हातात सप्तरंगी झेंडा आणि दुसऱ्या हातात निळा झेंडा आणला. आयोजकांतला एक जण माझ्याजवळ आला. म्हणाला, आज एकच मुद्दा ठेवू या, दुसरे झेंडे नकोत, तू जरा सांगतेस का तिला? मी गेले. सांगितलं. तिने झेंडा खाली केला नाही, म्हणून मीच तिच्या हातातून निळा झेंडा घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. घडी छान केली, कडेला कड लावून. विणकराची पोरगी आहे मी. दिवसभर ती माझ्या शेजारून चालली, घोषणा मात्र एकही दिली नाही. मला वाटलं, उन्हाने थकली असेल.

त्यानंतर महिन्याभरात मी आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. लग्न करणार नाही, माझ्या आयुष्यात एक मुलगी आहे. बराच वेळ नुसतं आईचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मग तिने पहिला प्रश्न विचारला, “कोनाची हाय?”

मी म्हटलं, “निमजे. तुमसरकडची.” आमच्या कोष्ट्यांतलं आडनाव.

का म्हटलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याचं उत्तर तोंडपाठ आहे. एका दिवसात दोन धक्के नकोत, नंतर सांगू. हे उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही. माझं खरं मी छाती काढून सांगितलं आणि तिचं खरं लपवलं. आई तिकडे सुस्कारा टाकून म्हणाली, “चाल, आपल्यातली तरी हाय.” आणि आठ दिवसांनी तिनेच कळवलं की बाबांनी मागावर लुगडं चढवलंय. कोणासाठी ते बोलत नाहीत, पण मोरपंखी पोत आहे आणि काठ लाल. मी त्या रात्री आनंदाने रडले. प्रज्ञाला सांगितलं, बाबा आपल्यासाठी विणताहेत. आडनावाचं सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये तिने मला जयंतीला चिखल्याला नेलं. वस्तीत सगळ्यांना तिने माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. शाळेपासून दरवर्षी तिचं स्टेजवर भाषण व्हायचं. त्या वर्षी मोर्चातला आमचा फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर आला होता, आणि समितीचे अध्यक्ष, तिचे सख्खे काका, विहाराच्या पायरीवर तिला म्हणाले, “तुह्यं नाव काढलं यादीतून. हे मोठ्या घरच्यायचे चाळे हायेत. आपल्या पोरायले मार पडते तवा यातलं कोन येते? सांग नं!” प्रश्न खरा होता. उत्तर द्यायला हवं होतं ते मी. प्रज्ञाचा घडी केलेला झेंडा मला माहीत होता. मी खाली पाहिलं.

उठल्या त्या प्रज्ञाच्या आई, सुशीलाबाई. “मी वीस वर्सं खानीवर घमेले उचलले, भाऊजी. तवा कोनी पुसलं नाई का तुहा जीव कोनावर हाय. आपल्याले मानूस म्हनून उभं केलं म्हनता, मंग माही पोरगी त्यात बसत नाई काय? ते बोलन, नाई त मी बी घरी जाईन.” त्यांच्यामागे सहा-सात बाया उठल्या. सगळ्या नाही. प्रज्ञा पाच मिनिटं बोलली. ती खाली उतरल्यावर काकांनी खिशातून रुमाल काढला आणि माईक पुसला. मला कोनाड्यातला ग्लास आठवला.

मे महिन्यात आम्ही आमच्या घरी गेलो. आईने वडाभात केला होता. आपण कोणत्या जगात आहोत हे तिला कळत नव्हतं, पण जेवायला वाढायचं तिला येत होतं. बाबा ओसरीत मागावर. लुगडं अर्ध्याच्या थोडं पुढे गेलेलं. प्रज्ञा खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून काठाचे दात पाहत राहिली, बाबांना म्हणाली, “हात हाय बाप्पा तुमचा!” बाबा चक्क हसले. माझ्या आयुष्यातली ती दहा मिनिटं मी अजून जपून ठेवली आहेत.

जेवताना आईने सहज विचारलं, “निमजे म्हन्जे कोन्ते वो बाई? पवनीचे का आंधळगावचे?”

प्रज्ञाने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातला घास तिने ताटात ठेवला. “मी गजभिये हाय, मावशी. चिखल्याची. तुमच्या पोरीले माहीत हाय.”

ओसरीतला खटखट आवाज थांबला. आई माझ्याकडे वळली. ती चिडलीसुद्धा नाही, तेच वाईट. “बाकी सारं गिळलं होतं वो म्या,” ती म्हणाली. “हे तरी सांगाचं होतं.” तेवढ्यात ओसरीतून कैचीचा आवाज आला. जाड, सावकाश, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मी धावत गेले तेव्हा बाबा कापलेल्या लुगड्याची घडी करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मेलेल्या माणसाकडे कोण पाहतं?

थांब्यावर बसची वाट पाहताना मी प्रज्ञापुढे बाबांना दूषणं देत होते. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “तुह्या बापाचं मले समजते. त्यायनं लपवलं त नाई. तू पुन्यात माह्या झेंड्याची घडी करून पिशवीत टाकली, न इथं माही. माह्या काकाले मी छातीठोक सांगत होती, वर्षा तशी नाई म्हनून.” बस आली. ती तुमसरच्या बसमध्ये चढली. माझं तिकीट पुण्याचं होतं.

याला आता दीड वर्ष झालं. प्रज्ञा भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये काम करते, कारध्याला खोली घेऊन राहते, रोज वैनगंगेचा पूल ओलांडून जाते. हे मला सुशीलाबाई सांगतात. त्यांचा महिन्यातून एकदा फोन येतो, “जेवली काय वो?” एवढंच विचारतात. त्यांनी मला का टाकलं नाही, मला कळत नाही. मी असते तर टाकलं असतं.

गटात मी सगळं सांगितलं, झेंड्याचं, आडनावाचं. काही जण म्हणाले, जुनं कशाला उकरतेस, आधीच आपण मूठभर. चौघं मात्र बैठकीनंतर थांबली. त्यातल्या दोघांनी स्वतःची खरी आडनावं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. पुढच्या मोर्चाला आम्ही पाच जणांनी निळा झेंडा धरला. घडी करा म्हणाले, केली नाही. तेव्हा आम्हाला सगळ्यात शेवटी, ट्रकच्या धुरात चालायला लावलं. त्याचा फोटो मी प्रज्ञाला पाठवला. तिने पाहिला. उत्तर दिलं नाही. देणं लागतच नव्हती.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला, बाबा बाजारात गेलेले पाहून केलेला. इकडचं तिकडचं झालं. मग दबक्या आवाजात तिने विचारलं, “आता एकटीच राहतं काय?”

“नाही आई,” मी म्हटलं. “प्रज्ञा गजभियेच्या घरी राहते.”

मग बाबांची सायकल वाजली असेल, तिने फोन ठेवला.

मी खोटं बोलले नाही. जुनी पाटी मी काढून टाकली आहे. नवीवर दोघींची पूर्ण नावं आहेत, तिचं वर, माझं खाली. कुरिअरवाला वाचतो, सोसायटीतले वाचतात, घरमालक दोनदा थांबून वाचून गेले आणि त्यांनी करार वाढवायचं अजून नक्की केलेलं नाही. आडनाव विचारून घेजो, आई म्हणाली होती. इथे कोणाला विचारावं लागत नाही, दारावरच लिहिलंय. मोहाडीच्या घरी मी मेलेली आहे, आणि हे घर ज्या माणसाच्या नावावर उभं आहे त्या माणसाची एक चप्पलही दारात नाही. तरी रोज कामावरून आल्यावर मी ती पाटी रुमालाने पुसते.

प्रज्ञा अजून आलेली नाही.