गोल चौकटीबाहेरचा माणूस

झेरॉक्सच्या दुकानामागं एक चिंचोळी खोली आहे. खिडकी एकच, तीही दुसऱ्याच्या भिंतीकडं उघडणारी. तिथं कॉम्प्युटरपुढं बसून एक बाई लोकांच्या वेबसाइट सजवते. सगळे तिला वेबसाइटवालीच म्हणतात. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. एकेक बटण दाबत, चुकतमाकत ती शिकली, आणि त्याचा तिला भारी अभिमान. साइटचा सांगाडा तयार असतो, मजकूर आत भरलेला असतो. ती नुसती थीम बदलते, म्हणजे वरचं रूप: रंग, अक्षरं, चौकटी. मग जुनाट पान असं उजळतं, की मालकालाही ओळखू येऊ नये.

शेजारच्या गल्लीत दोघा भावांचा दारं-खिडक्यांचा कारखाना. थोरले सांधे जुळवणार, धाकटे गिऱ्हाईक. थोरल्यांच्या भुशाच्या ढिगावर खेळतच ती मोठी झाली. धाकटे एकदा तिच्याकडं आले आणि म्हणाले, आमच्या साइटला जरा न्हाऊमाखू घाल.

नव्या थीममध्ये फोटोसाठी गोल चौकट होती. भावांचा फोटो मात्र आडवा. मध्यभागी रंधा धरलेले धाकटे आणि डाव्या कडेला, अर्ध्या झालेल्या दाराला टेकलेले थोरले. गोलात धाकट्यांचा चेहरा नेमका बसला. थोरल्यांचा एक कान तेवढा उरला. तो कान काही बरा दिसेना. तिनं फोटो किंचित सरकवला, कान गेला, पान कसं नीटनेटकं झालं. खुर्चीत मागं रेलून ती बघत राहिली. त्या वेळी मनाला काही टोचलं नाही, हेच पुढं तिला सगळ्यात जास्त टोचलं.

धाकट्यांना पान आवडलं. माणूस फोटोत आधी स्वतःला शोधतो. ते स्वतःला सापडले, आणि पुढं बघायला गेलेच नाहीत.

थोरल्यांना ते सुनेनं मोबाइलवर दाखवलं. त्यानंतर त्यांनी कारखान्यात पाऊल टाकलं नाही. विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे काकू, मात्र वाण्याच्या दुकानात चारचौघींत म्हणाल्या, "भाऊजींना आता अख्खा गोल लागतो. आम्ही आपले बाहेर." धाकट्यांच्या कानावर एवढंच आलं, की दादा रुसलाय. त्याला नवीन काही खपत नाही, असं म्हणून तेही अडून बसले. अर्धवट दारं भिंतीला टेकून उभी राहिली. बघता बघता वाटणीची भाषा सुरू झाली.

वेबसाइटवालीच्या कानावर हे आलं. तिनं गुपचूप गोल काढून चौकोन केला, दोघं भाऊ पुन्हा शेजारी आणले. कुणी विचारणार नाही असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. काकू म्हणाल्या, "बभ्रा झाल्यावर भाऊजींना भाऊ आठवला."

मग मात्र तिला राहवेना. ती थोरल्यांच्या घरी गेली. थोरले पायरीवर बसून एक लाकडी खुंटी तासत होते, काकू दारात उभ्या होत्या. तिनं सांगितलं, की धाकट्यांना यातलं काही ठाऊक नाही, गोल थीममधला होता, आणि साइट तिनंच केली होती.

थोरल्यांनी खुंटीवरची ढलपी फुंकली. "म्हणजे आपोआप कापलं गेलं?"

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. काकूंची मान हलायलाही लागली होती.

"नाही काका. तुमचा कान राहिला होता. बरा दिसेना म्हणून मीच सरकवला."

"म्हणजे मी दिसलो होतो तुला."

"दिसला होतात."

थोरले भिंतीला धरून उठले. गुडघा खरंच दुखत असावा. चपला शोधताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. मी बरोबर येते, मीच सांगते त्यांना, असं ती म्हणाली.

"नको. भावाशी माझं मी बोलेन. तू तुझ्या कामाला जा."

एरवी ते तिला पोरी म्हणत. त्या दिवशी नुसतं तू म्हणाले.

दुपारी कारखान्यातून करवतीचा आवाज आला, मागोमाग दोघांचं बोलणं, मग कुणाचं तरी हसणं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. ती हात मांडीत घेऊन बसून राहिली. कॉम्प्युटर तिनं सुरूच केला नाही.