सांजेचा किरकिरा बोलला की

लग्नानंतर मी नागपूरला निघाले तेव्हा घरच्यांनी रडण्याचं काम व्यवस्थित पार पाडलं. माय रडली, शेजारणी रडल्या, ज्यांना माझं नावही धड ठाऊक नव्हतं त्याही रडल्या. धाकटा भाऊ खेमराज बैलगाडीला लटकत आमगाव स्टेशनापर्यंत आला; बहिणीला पोचवायला नव्हे, आगगाडी बघायला. बाबूजी तेवढे कोरडे राहिले. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "सांजेचा बोलला का आनाले येतो. एकटी येऊ नोको."

आता नागपूर-मुंबईला जाऊन साहेब झालेल्या आमच्याच लोकांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्या घरी उन्हाळा तीन किरकिऱ्यांत वाटलेला होता. किरकिरा म्हणजे झाडाच्या खोडाला चिकटून बसणारा तो किडा. दिसत नाही, पण सगळं रान डोक्यावर घेतो. पहिला बोलतो सकाळी, मोहफुलं पडायला लागली की, अगदी बारीक आवाजात. दुसरा भर दुपारचा. ऐनाच्या झाडावर, न थांबता, धार लावणाऱ्याच्या चाकासारखा. तो सुरू झाला की बिडीच्या पानांची तोड सुरू. तिसरा सांजेचा. हा आधी अडखळतो, दोन-तीनदा तुटक बोलतो, मग एकच लांब सूर धरतो आणि अंधार पडला की गप्प. तो बोलला म्हणजे पानांचं काम उरकलं, धान पेरायला अजून अवकाश आहे, बैल रिकामे, गाडी रिकामी. मग सासरी गेलेल्या लेकीला आणायचं.

आणि आणायला कोणी आल्याशिवाय लेक माहेरी जात नसे. आपल्या पायांनी आलेली लेक म्हणजे एक तर सासरी बिनसलेली, नाही तर माहेरी नकोशी झालेली. गाव दोन्हींपैकी एक ठरवून मोकळं होतं.

नागपूरच्या माणसांबद्दल चांगलं लिहायचं ठरवलं तर पान कोरं राहील. भर दुपारी बारा वाजता ओरडणाऱ्या किड्याला ही मंडळी रातकिडा म्हणतात. आमचे हे कचेरीत कारकून. त्यांना तिन्ही किरकिरे सारखेच ऐकू यायचे. "आवाज तो आवाज," म्हणायचे आणि पेपर तोंडापुढे धरायचे. साहेबाच्या बुटांचा आवाज मात्र त्यांना तीन खोल्यांपलीकडून ओळखू यायचा.

क्वार्टरच्या मागे एक निंबाचं झाड होतं. पहिल्याच उन्हाळ्यात, एका ढगाळ संध्याकाळी, त्या निंबावर किरकिरा बोलला आणि मी गाठोडं बांधलं. केसांना तेल लावलं, चांगलं लुगडं नेसले आणि ओट्यावर जाऊन बसले. सासूबाईंनी विचारलं, "कोनाची वाट पाहून राहिली वो?"

"बाबूजी येनार हायेत."

"कागद आला का त्याहिचा?"

"किरकिरा बोलला ना."

झालं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका मला पाहून तोंडाला पदर लावत होत्या. बोलला होता तो दुपारचाच. आभाळ भरून आलं की तो सांजेपर्यंत ओढतो आणि अडखळत नाही, हे मला ठाऊक असून मी फसले. आणि अडखळला असता तरी काय? किरकिरा गावचा बोलायला हवा होता. नागपूरच्या निंबाला माझ्या माहेराशी काय घेणंदेणं!

बाबूजी आले ते बऱ्याच दिवसांनी, धुळीने पांढरे होऊन. सासूबाई खोचकपणे म्हणाल्या, "व्याही, येयाच्या आधी तारीख कळवत जा."

"तारीख मी कोठून सांगू बाई? तो बोलला का मी निंगतो." एवढं बोलून बाबूजी लोटाभर पाणी घटाघटा प्यायले. नळावर हसणाऱ्या बायका दारातून बघत होत्या. मी मुद्दाम गाठोडं डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोरून गेले.

पुढे दर उन्हाळ्याला ते आले. मग एका हिवाळ्यात बाबूजी गेले आणि घर खेमराजच्या हाती आलं. खेमराज गोंदियाला बिडीपत्त्याचा व्यापार करू लागला आणि घरीसुद्धा हिंदीत ढेकर देऊ लागला. चार माणसं जमली की आपले पूर्वज माळव्यातून कसे घोड्यांवर बसून आले ते सांगतो. माळव्यातून आलेले पूर्वज आठवतात याला. नागपुरातून बहिणीला आणायचं आठवत नाही. अलीकडे स्वराज्य येणार असं दिसू लागल्यावर पांढरी टोपीही चढवली आहे. वारा कुठून येतो ते त्याला बरोबर कळतं, किरकिरा तेवढा कळत नाही. एकदा नागपूरला धंद्याच्या कामाने आला होता, तेव्हा मीच विषय काढला. म्हणाला, "दिदी, आता कोन आनाले येते? टेशन हाय, टिकट हाय. बैठो और आ जाओ."

मला कोणी येऊ नको म्हणत नव्हतं. आणायला मात्र कोणी येत नव्हतं. मी गेले नाही. किती उन्हाळे त्या बेअक्कल निंबाखाली काढले! हट्ट म्हणा. होताच हट्ट. माहेरी मी पाहुणी म्हणून जाणार नव्हते. बोलावणं आलं तर लेक म्हणून जाणार होते.

मग गावाकडच्या एका माणसाने सांगितलं, माय आता माणसं विसरते. तेव्हा हट्ट चुलीत घातला आणि यंदा एकटीच आगगाडीत बसले. आमगावला प्लॅटफॉर्मवर माझ्यासाठी कुत्रंही नव्हतं. पानांच्या रिकाम्या गाडीत बसून गावात शिरले, आणि गावानेही माझ्याकडे पाहून काय ते ठरवून टाकलं. माय ओसरीवर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनाची वो तू? पानी पेली का?"

"दिमाग गेला तिचा," खेमराज तिच्यासमोरच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना आम्ही तिघं ओसरीवर होतो. मागच्या ऐनावर काहीतरी तुटक बोललं, थांबलं, पुन्हा बोललं. मग सूर लागला. खेमराज वैतागून म्हणाला, "हे किडे कान खाऊन राहिले."

माय ताठ बसली. "बोलला!" म्हणाली. "कोनी हाय का घरात? गाडी जुपा. पोरीले आनाले जा. वाट पाहून राहिली असन ते."

मी तिच्या पायाशी बसले होते. म्हटलं, "माय, मी आली ना."

"तू बस ना बाई. तू पाहुनी. माही पोरगी यायची हाय."

रडत बसणं हे शेजारणींचं काम. मी उठले आणि खेमराजला म्हटलं, "गाडी जुप."

"कायले?"

"मले आनाले."

"लोक हासतील, दिदी."

"लोकायले हासाले काही लागत नाही. आमगावले नोको नेऊ. तलावाच्या पाळीपर्यंत चाल."

व्यापारी माणूस, अंतर कमी आहे असं पाहिल्यावर तयार झाला. पाळीवर, तलावाच्या बांधावर, पोचलो. पलीकडे कचारगडचे डोंगर काळे पडत चालले होते आणि किरकिरा सूर सोडत नव्हता. खेमराजने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि बैल वळवले.

माय दारात उभी होती, हातात पाण्याचा लोटा. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी उतरले, तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला. "आली का वो माय! किती वाळली. कोनं आनलं तुले?"

"खेमराजनं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "बरं झालं बाप्पा, तू गेला. नाही तं तिनं कोनाच्या तोंडाकडे पाहावं?"

खेमराज बैल सोडायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. दोन बैल सोडायला इतका वेळ लागत नाही.

तुम्ही, गावात राहिलेले आणि गाव सोडून शहाणे झालेले, दोघंही विचारता, आता तुला माहेर उरलं का? उरलं आहे. तलावाच्या पाळीपासून दारापर्यंत, एवढंच. पण तेवढ्या वाटेवरून मला आणलेलं आहे.