जनरेटरच्या मागचं कुंकू

देवीशी माझा अबोला होता. घासाघीस केल्याशिवाय मी कधी मेथीची जुडीही घेतली नाही. त्याच सवयीने तुळजाभवानीशी बोललो होतो: पत्नी बरी होऊ दे, पायी येऊन साडी नेसवीन. पत्नीची फुप्फुसं आक्रसतच गेली. माझा शब्द पाळायला मी तयार होतो, देवीने तिचा फिरवला, असं मी मनात धरलं. देवघरापुढून जाताना मान वळवत असे.

डॉक्टरांनी आशा सोडल्यावर पत्नीने एकच मागितलं. "अहो, मला एकदा तुळजापूरला न्या." तिचं ऑक्सिजनचं मशीन बंद ठेवता येत नव्हतं. माझी एक घरगाडी आहे. टेम्पोत पलंग, ओटा, जनरेटर बसवून मीच बांधलेली, सहलींना भाड्याने देतो. पण निघायच्या सकाळी, बिबवेवाडीत दारासमोरच, जनरेटरचं व्होल्टेज दोनशेतीसवरून एकशेसाठवर कोसळू लागलं. ऑक्सिजनचं मशीन पीप पीप ओरडलं. मी तिला परत घरात नेऊन निजवलं. नेसलेली हिरवी साडी मात्र तिने बदलली नाही.

इंजिनाचे फेरे ठीक होते. जोडण्या आवळल्या. व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर नवा आणून बसवला, तरी काटा नाचतच राहिला. तो काढून बुधवार पेठेत दुकानदाराशी भांडायला गेलो.

"रेग्युलेटर चांगलाय," तो वर न बघता म्हणाला. "व्होल्टेज कमी असेल. आवाज भरपूर आहे तुमचा."

मी काउंटरवर मूठ आपटली, बायको ऑक्सिजनवर आहे म्हणून ओरडलो. मागे एक म्हातारे गृहस्थ दुरुस्तीचा मिक्सर घेऊन उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "ब्रश बघितले का?"

बघितले नव्हते. मिक्सर तिथेच ठेवून ते माझ्याबरोबर निघाले. स्कूटर सुरू करण्याआधी मी सवयीने विचारलं, "घेणार किती?"

"आधी बघू तरी द्या."

त्यांनी जनरेटरचं मागचं झाकण उघडलं. आत फिरणाऱ्या दोन कड्यांवर कार्बनचे ब्रश टेकलेले असतात. ते नीट टेकले नाहीत तर वीज पुरी बनत नाही. त्या कड्या लाल झाल्या होत्या. त्यांनी बोट फिरवून वास घेतला. "याची पूजा कोण करतं?"

पत्नी करायची. दर खंडेनवमीला, वाऱ्याने उडू नये म्हणून कुंकू तेलात कालवून, झाकणाच्या जाळीवर पाच बोटं ओढायची. ते जाळीतून झिरपून वर्षानुवर्षं आत साचलं होतं.

ती दारात खुर्चीवर येऊन बसली होती. "म्हणजे मीच अडवली होय गाडी?"

"तू नाही," मी म्हणालो. "पुढे रंगावर डाग पडतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं, मागे लाव, असं मीच सांगितलं होतं."

स्वतःची चूक मी तिच्यासमोर कबूल केली, ती बहुधा पहिल्यांदाच. ती हसली, आणि त्या हसण्यानेही तिला धाप लागली.

गृहस्थांनी बारीक पॉलिश पेपरने कड्या घासल्या, माझ्याच रुमालाने पुसल्या. मी रेग्युलेटर परत बसवून जनरेटर सुरू केला. काटा दोनशेतीसवर येऊन थांबला. मी खिशात हात घातला, तर ते म्हणाले, "तिथे माझाही नमस्कार सांगा," आणि कोपऱ्यावरून रिक्षात बसून गेले.

दुपारी आम्ही निघालो. मशीन वाटभर एका सुरात चालत होतं. देवळात तासभर पुरेल असं छोटं सिलिंडर तिच्या मांडीवर होतं. तिने हात जोडले, तोवर मी मागे तिची चाकांची खुर्ची धरून उभा राहिलो. त्या गृहस्थांचा नमस्कार सांगितला. स्वतःसाठी काय मागावं, ते सुचलं नाही.

तुळजापूरहून परतल्यावर एकोणिसाव्या दिवशी, घरीच, ती गेली.

पुढे आभार मानायला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "त्यांचा मिक्सर अजून इथेच आहे. आलेच नाहीत." ते कोण होते, ते मी शोधत बसलो नाही.

यंदाच्या खंडेनवमीला तिच्या करंड्यातलं कुंकू घेतलं आणि गाडीच्या पुढे, पांढऱ्या रंगावर, पाच बोटं ओढली. तेल जास्त झालं, ओघळ आले. ते मी पुसले नाहीत. देवघरासमोर येऊन बसलो, मान खाली घातली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कसलाही सौदा न ठरवता रडलो.